दहावा शब्द

माणसं मोजायची वेळ आली की माझी जीभ अजून अडखळते. पंगतीची पानं मांडायची असोत, नाहीतर नातवंडांना गाडीत कोंबायचं असो, 'एक, दोन, तीन' म्हणायला तोंड उघडते आणि रोहेकरबाई आठवतात. "नंदा, माणसं मोजायची नसतात गं. मोजायच्या त्या वस्तू." हे वाक्य मला सुनावणारी बाई सोलापुरातल्या आमच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवत होती, आणि गणितात तिचा हात धरणारं दुसरं कुणी नव्हतं.

रिबेका रोहेकर. मी मराठीची शिक्षिका म्हणून शाळेत लागले तेव्हा त्या चाळिशी ओलांडलेल्या होत्या. उंच, काटक, रंग गव्हाळ, केसांचा घट्ट अंबाडा. बोलणं ऐकलं तर आमच्यातल्याच वाटायच्या, साडी नेसणंही आमच्यासारखंच. पहिले दोन महिने मी त्यांना ख्रिश्चन समजत होते. एकदा नाताळच्या शुभेच्छा दिल्या, तर म्हणाल्या, "तुलाही. आपण दोघी मिळून दुसऱ्या कुणाला तरी देऊया, कारण हा सण ना तुझा ना माझा." मग त्यांनी सांगितलं की त्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणात शेकडो वर्षं राहिलेल्या यहुदी. त्यांचे वडील रेल्वेत हेडक्लार्क होऊन सोलापूरला आले आणि इथलेच झाले. मी ओशाळले. त्यांनी मला मनुकांचं सरबत पाजलं आणि विषय संपवला.

हे सरबत दर शुक्रवारी व्हायचं. नवी पेठेतल्या एका दुकानातून त्या काळ्या मनुका घ्यायच्या, भिजवायच्या, कुस्करून गाळायच्या. शाब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या संध्याकाळपासून शनिवारच्या संध्याकाळपर्यंतच्या त्यांच्या पवित्र दिवसाला, द्राक्षरस लागतो; तो सोलापुरात कुठला मिळणार? त्या दारात दिसल्या की दुकानदार विचारायचा, "काय बाई, आज शुक्रवार की?" आणि गुरुवार असला तरी बाई गंभीरपणे म्हणायच्या, "तुम्ही म्हणताय तर असेल."

शाब्बाथला लिहिणं वर्ज्य, म्हणून शनिवारी त्या लिहीत नसत. सकाळची शाळा असायची, त्या यायच्या, शिकवायच्या, पण खडूला हात लावायच्या नाहीत. शनिवारचं गणित तोंडी. फळ्यावर लिहायचं तर मुलींनी, बाई मागे हाताची घडी घालून उभ्या. एका शनिवारी नवे इन्स्पेक्टर आले. तास बघून खूष झाले, आणि जाताना रजिस्टर पुढे करून म्हणाले, "सही करा."

"सोमवारी करते."

"अहो, नुसती सही हो."

"सोमवारी नुसती सही करते, साहेब."

मुख्याध्यापिकांच्या कपाळावर घाम. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि सोमवारी फक्त सहीसाठी शिपाई पाठवला. मी बाईंना म्हटलं, "तुमची प्रार्थनेची मंडळी तर सुधारक ना? मग एवढं कडक कशाला?" त्या म्हणाल्या, "सुधारणा म्हणजे सोय नव्हे."

हे त्यांचं एक वाक्य. दुसरं होतं, "पायरी गाळू नकोस." मुलीनं उत्तर बरोबर काढलं आणि मधली एक ओळ लिहिली नाही, की बाई पूर्ण उदाहरणावर काट मारायच्या. मुली रडायच्या. बाईंना दया यायची नाही. "उत्तर काय, शेजारणीच्या वहीतही असतं," म्हणायच्या.

त्यांची मोजायची रीत मला कळली नळदुर्गच्या सहलीत. किल्ला बघून मुली बसमध्ये चढत होत्या आणि बाई दाराशी उभ्या राहून प्रत्येकीच्या डोक्याला हात लावत काहीतरी पुटपुटत होत्या. हिब्रू वचन होतं, बरोबर दहा शब्दांचं. आपल्या लोकांचं रक्षण कर, अशा अर्थाचं. एका मुलीला एक शब्द. वचन पुरं झालं की एक बोट मिटायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. त्यांच्यात सामुदायिक प्रार्थनेला दहा माणसं लागतात. दहा नसतील तर काही प्रार्थना म्हणता येत नाहीत, धर्मग्रंथाची गुंडाळी कपाटाबाहेर काढून वाचता येत नाही. आणि माणसांना आकडे लावायचे नाहीत, म्हणून हे वचन. तर त्या दिवशी चार बोटं मिटली, आणि पाचव्या फेरीत वचन सहाव्या शब्दावर थांबलं. बाईंचा चेहरा उतरला. "सातवा शब्द कुठाय?" त्या ओरडल्या, आणि आम्ही सगळ्या एकमेकींकडे बघत राहिलो. सातवा शब्द बुरुजाच्या सावलीला बसून चिंचा खात होता.

आमची शिपाईण तायव्वा सहलीला बरोबर होती. तिनं हे पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी बाईंच्या मागे लागली. "बाई, माजी शेळी चार दिस झालं सापडंना. त्यो मंतर म्हना की वाईच."

"तो हरवलेलं शोधायचा मंत्र नाही, तायव्वा. कोण हरवलंय तेवढं कळतं त्यानं."

"मग काय उपेग वो त्याचा?"

बाई हसल्या नाहीत. त्या दिवशी मला ते विचित्र वाटलं. पुढे कळलं की त्यांच्या मंडळीत तेच चाललं होतं. कोण कोण गेलं ते वचन दर शनिवारी सांगायचं, आणि आणता कुणालाच येत नव्हतं.

रेल्वे लाइन्समध्ये बाईंच्या बंगलीच्या मागे कौलारू खोली होती. पंधरा-वीस बाकं, पश्चिमेच्या भिंतीत लाकडी कपाट, त्यात जांभळ्या मखमलीत गुंडाळलेला ग्रंथ, म्हणजे तोरा. पश्चिमेला, कारण सोलापुराहून जेरुसलेम तिकडे. ही बाईंच्या वडिलांनी उभी केलेली प्रार्थनेची जागा. वडील सुधारक पंथाचे. त्यांच्या मंडळीत निम्मी प्रार्थना मराठीत व्हायची, बायका-पुरुष शेजारी बसायचे, आणि दहात बाई मोजली जायची.

बाईंनी त्यांच्या लहानपणीची एकच गोष्ट मला सांगितली आहे, तीही एकदाच. त्या तेरा वर्षांच्या, म्हणजे दहात धरण्याच्या वयाच्या, झाल्या तेव्हा एका शनिवारी नऊच पुरुष आले, बायकांत त्या एकट्याच. वडील वचन म्हणत एकेकाच्या खांद्याला हात लावत निघाले. नवव्या शब्दाला माणसं संपली. वडील थांबले. मग बाकावर बसलेल्या रिबेकाकडे आले, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि दहावा शब्द म्हटला. "अगं, कपाट उघडलं माझ्यामुळे," बाई म्हणाल्या. "मी आहे म्हणून उघडलं." हे सांगताना त्यांचा आवाज इतका हळू झाला होता की मला पुढे वाकून ऐकावं लागलं.

वडील वारले आणि पुरुषांनी, भांडण नाही की ठराव नाही, गुपचूप पुन्हा फक्त पुरुष मोजायला सुरुवात केली. तेव्हा ते पुष्कळ होते, म्हणून कुणाला फरक जाणवला नाही. मग घरं इस्राएलला निघाली. आज गार्डाचं कुटुंब, उद्या गिरणीतल्या जॉबरचं, मुकादमाचं. दर खेपेला बाई स्टेशनवर डबा घेऊन जायच्या आणि दुसऱ्या दिवशी वर्गात जरा जास्त काट मारायच्या. सत्तरचं दशक निम्मं सरलं तेव्हा सोलापुरात मोजण्याजोगे पुरुष उरले चार. त्यातला एक बाईंचा धाकटा भाऊ सॅमसन, मालगाडीवर गार्ड, बाईंच्याच घरी राहणारा.

बाईंनी हात टेकले नाहीत. मला वाटतं, टेकले असते तर बरं झालं असतं.

कुर्डुवाडी आणि दौंडला रेल्वेतली तीन-चार घरं होती. पुण्यात एक लहानशी मंडळी होती, तिलाही दहाची चणचण. बाईंनी ठरवलं, तिन्ही मंडळ्यांनी एक व्हायचं. सण वाटून घ्यायचे, एकमेकांच्या गावी जायचं, मराठी प्रार्थना पुन्हा सुरू करायची, मुलांना शिकवायचं. वडिलांचा पंथ पुन्हा उभा करायचा. रविवारी त्या कुर्डुवाडीला जायच्या, लोको शेडमध्ये फिटर असलेल्या मोशेभाऊंच्या ओट्यावर बसून लोकांना समजवायच्या. मी एकदा बरोबर गेले होते. मोशेभाऊ म्हणाले, "बाई, तुमी म्हंता त्ये खरं हाय. पर आमच्यात येक बी नीट वाचनारा न्हाय. आमी येऊन करनार काय?"

"बसा. तुम्ही बसलात की आम्ही वाचू."

"निस्तं बसायचं?"

"नुसतं बसणाराच कमी पडतोय, भाऊ."

"मग येतो की. बसायला काय, लई चांगलं येतं मला."

बाईंची पत्रं मी सुंदर अक्षरात लिहून द्यायचे, कार्बन घालून तीन प्रती. पुण्याच्या मंडळीचे प्रमुख पेणकरकाका. सत्तरीचे, कडक, पण सरळ माणूस. त्यांचं उत्तर आलं : कल्पना मान्य, पण आमच्यातल्या काहींना बायकांना दहात धरणं चालणार नाही. तो आग्रह असेल तर आम्ही येणार नाही. आणखी एक अट होती. तोराची गुंडाळी तिन्ही मंडळ्यांत एकच. ज्या गावी दारफाळणीला दहा जमतील त्या गावी ती राहील. आधी सोलापूर. तिथं जमले नाहीत तर पुण्याला न्यायची.

दारफाळणी हा त्यांचा वर्षातला सर्वांत मोठा दिवस. पापांची क्षमा मागायची, पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, पांढरे कपडे घालायचे. पूर्वी कोकणात त्या दिवशी घराची दारं लावून घेत आणि बाहेरच्या कुणाचा स्पर्शही होऊ देत नसत, म्हणून हे नाव. शाळेत आम्ही त्याला 'बाईंचा दार लावायचा दिवस' म्हणायचो.

 पेणकरांचं पत्र येऊन आठवडा झाला आणि मधल्या सुट्टीत बाईंनी माझ्यापुढे कागद ठेवला. "लिही. बायकांना मोजण्याचा मुद्दा यंदा बाजूला ठेवू. मी तो काढणार नाही, माझ्या मंडळीतल्या कुणाला काढू देणार नाही. हे माझं वचन समजावं."

माझा हात थांबला. "बाई, अहो, हाच तर मुद्दा आहे ना?"

"आधी माणसं एकत्र येऊ देत. मग बाकीचं."

"तुम्हीच सांगता, पायरी गाळू नकोस म्हणून."

"नंदा, लिही." आणि मी लिहिलं. माझ्या सुंदर अक्षरात. त्या पत्राचा कार्बनही मीच जपून ठेवला, मूर्खासारखा.

त्यांचा हिशेब पक्का होता. सोलापूरचे चार, कुर्डुवाडी-दौंडचे तीन, पुण्याचे चार. अकरा. दहा आणि एक शिलकीला. "एक शिलकीला असावाच," त्या म्हणाल्या. पंधरा दिवस त्या खोलीत खपत होत्या. कौलं शाकारली, बाकांना व्हार्निश दिलं, मखमलीला नवी झालर लावली. सॅमसनची रजा दोन महिने आधी मंजूर करून घेतली, आदल्या फेरीहून तो रविवारी सकाळीच परतणार होता. इतकी आनंदात मी त्यांना कधी पाहिली नव्हती. वर्गात एका मुलीनं पायरी गाळली तर नुसतं म्हणाल्या, "पुढच्या वेळी लिही हं."

दारफाळणी रविवारी सूर्यास्ताला लागायची होती. पुण्याच्या बायकांबरोबर दोन तान्ही मुलं होती, त्यांना सांभाळायला बाईंनी मला बोलावलं होतं. मी खोलीच्या व्हरांड्यात बसले होते, खिडकी उघडीच होती. पुण्याचे चार आले. मोशेभाऊ आणि आणखी एक कुर्डुवाडीचे आले. दौंडचे म्हातारे तापानं फणफणले होते, ते आले नाहीत. "हरकत नाही, तो शिलकीचा," बाई म्हणाल्या. सोलापूरचे तिघं आले. सॅमसन आला नाही.

त्याची गाडी गुलबर्ग्याकडून यायची होती. दोन दिवस तिकडे पाऊस कोसळत होता. दुपारी स्टेशनातून निरोप आला : दुधनीजवळ रुळाखालची खडी वाहून गेली आहे, पलीकडच्या गाड्या जागेवर उभ्या आहेत. बाई स्वतः स्टेशनवर जाऊन आल्या. परत आल्या तेव्हा साडीच्या काठाला चिखल होता, आणि नेहमी इतकी टापटीप असणारी बाई तो झटकायचंही विसरली होती. त्या पुन्हा पुन्हा फाटकाशी जाऊन रस्त्याकडे बघत होत्या. मीही बघत होते. त्या संध्याकाळी मी आमच्या सिद्धेश्वराला नवस बोलले, हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही.

सूर्य कलला. पेणकरकाका उठले. पांढरा अंगरखा, पांढरी टोपी. वचन म्हणत एकेकाच्या खांद्याला हात लावत गेले. मला शब्द कळत नव्हते, पण नळदुर्गपासून त्यांची चाल ओळखीची झाली होती. शेवटच्या खांद्यापाशी ते थांबले. नऊ झाले होते. मागच्या बाकांवर सात बायका बसल्या होत्या, पुण्याच्या विनंतीवरून मागे बसलेल्या. त्यांत बाई.

मोशेभाऊ हळूच म्हणाले, "काका, हितं मागं लई जन हाईत की."

पेणकरकाका बाईंकडे वळले. "रिबेकाबाई, आज वचनं सोडवण्याचाच दिवस आहे. तुम्ही नुसतं म्हणा, मी माझं वचन मागे घेते. मी मोजतो तुम्हाला."

मी खिडकीचा गज घट्ट धरला. बाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "देवाला दिलेली वचनं आज सुटतात, काका. माणसाला दिलेली नाही सुटत. ज्याला दिलं त्यानंच सोडायला हवं."

"माझ्यापुरतं मी सोडलं."

"आणि बाकीच्यांचं?"

पुण्याचे दोघं पुढच्या बाकावर बसले होते. ज्यांच्यासाठी ती अट घातली गेली ते हेच. पेणकरकाकांनी त्यांच्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. दोघांपैकी एकानंही मान वर केली नाही. एकानं टोपी सारखी केली, एवढंच.

बाईंनी बराच वेळ वाट पाहिली. मला आतून ओरडावंसं वाटत होतं, अहो म्हणा, मोडा ते वचन, जाऊ देत ते दोघं, त्यांच्याविना तुम्ही चौदा आहात! माझ्यासारख्या गणितात काठावर पास झालेल्या बाईलाही ते कळत होतं. बाईंना कळत नव्हतं असं नाही. त्यांना तिन्ही मंडळ्या हव्या होत्या. ते दोघं उठून गेले असते तर पुणं गेलं असतं, आणि एकत्र येणं पहिल्याच दिवशी मोडलं असतं. त्या खाली बसल्या. कपाट बंद राहिलं.

रात्रभर आणि दुसरा दिवसभर त्यांनी दहा नसताना जेवढं म्हणता येतं तेवढंच म्हटलं, ज्यानं त्यानं आपापलं. सोमवारी दुपारी मी अर्धी रजा टाकून पुन्हा व्हरांड्यात येऊन बसले. उपासानं सगळ्यांचे चेहरे सुकले होते. बाई मराठी प्रार्थना म्हणत होत्या, एकट्या, हळू आवाजात. आम्हाला मोजून घे, असं काहीसं त्यात होतं. मला ते ऐकवेना, मी मूल घेऊन फाटकाशी गेले. मला त्या दोघांचा राग आला होता, पेणकरांचा आला होता, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत जास्त बाईंचा आला होता. अजूनही येतो.

मंगळवारी सकाळी सॅमसन पोचला. भिजलेला, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात कंदील. दारातच विचारलं, "झाले का गं दहा?" बाईंनी त्याच्या हातातला कंदील घेतला आणि चहा ठेवायला आत गेल्या.

गुंडाळी पुण्याला गेली. स्टेशनवर आम्ही सगळे होतो. पेणकरकाकांनी ती मखमलीसकट दोन्ही हातांवर घेतली होती, लहान मुलाला घ्यावं तशी. त्यांचे डोळे लाल होते. म्हणाले, "पुढच्या वर्षी दहा जमवा बाई, मी स्वतः परत आणून देईन." बाईंनी झालर नीट केली. गाडी हलल्यावर मला म्हणाल्या, "पायरी गाळली मी. काट मार."

मी त्यांचा हात धरला. तो इतका गार होता की मी दोन्ही हातांत घेऊन चोळत राहिले.

पुढचं वर्ष आलंच नाही. मोशेभाऊ मुलाकडे इस्राएलला गेले, जाताना सांगून गेले, "बाई, बसायला आनिक कोन न्हाई गावलं तर कळवा, येतो." सोलापूरची आणखी दोन घरं गेली. सॅमसननंही नोकरी सोडली. त्यानं बहिणीला किती विनवलं! माझ्यासमोर रडला. बाईंनी त्याच्या पेटीत मनुकांची पुडी ठेवली आणि त्याला मुंबईच्या गाडीत बसवून दिलं.

मग पुण्याहून पेणकरकाकांचं पत्र आलं. बाईंनी ते शिक्षकांच्या खोलीत वाचलं आणि माझ्याकडे सरकवलं. त्या दोघांपैकी एक इस्राएलला गेला, दुसरा वारला, आमचेही दहा होईनात, असं काकांनी लिहिलं होतं. "म्हणून दारफाळणीपासून आम्ही बायकांना मोजू लागलो आहोत. मराठी प्रार्थनाही सुरू केली, तुमच्या वडिलांची. आजूबाजूची चार घरं नव्यानं येऊ लागली आहेत. तुम्हाला हवं होतं ते झालं, बाई. फक्त उशिरा झालं. तुम्ही इकडे या. तुमची जागा पहिल्या बाकावर आहे."

मी आनंदानं ओरडलेच. "बाई! जा ना! अहो, तुमचंच आहे ते सगळं!"

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मैदानात मुली लंगडी खेळत होत्या. "मी गेले तर इथं कोण राहिलं?" त्या म्हणाल्या.

"कुणी नाही राहिलं. मग?"

"मग सोलापूर संपलं, नंदा. बाबांचं संपलं. मी आहे तोवर संपलेलं नाही." मैदानाकडे बघतच म्हणाल्या, "तिकडे मी अकरावी असेन. शिलकीची."

मी खूप वाद घातला. त्यांनी पत्राची घडी केली, गणिताच्या पुस्तकात ठेवली, आणि घंटा झाली म्हणून वर्गावर गेल्या. त्यानंतर मी त्या विषयावर बोलले नाही. भित्रेपणा होता तो माझा.

काही वर्षांनी माझ्या नवऱ्याची बदली झाली आणि आम्हीही सोलापूर सोडायचं ठरलं. निघण्याच्या आधी बाईंना भेटायचं म्हणून मी एका संध्याकाळी रेल्वे लाइन्समध्ये गेले. बांधाबांधीच्या गडबडीत तारीख-वार डोक्यातून पार गेले होते. बंगलीत कुणी दिसेना, म्हणून वळसा घालून मागे गेले, तर खोलीचं दार लावलेलं. कडी आतून. खिडक्याही लावलेल्या, फक्त एका खिडकीची फळी जरा फुगली होती, तिच्या फटीतून उजेड येत होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आज बाईंचा दार लावायचा दिवस आहे, आज बाहेरच्यानं हाक मारायची नसते.

मी फटीतून पाहिलं. पाहायला नको होतं, पण पाहिलं. सगळी बाकं पुसून ओळीत लावलेली. पश्चिमेचं कपाट उघडं आणि रिकामं. बाई पांढरी साडी नेसून पहिल्या बाकापाशी उभ्या होत्या. केस पांढरे झाले होते, दिवसभराच्या उपासानं ओठ सुकलेले. त्यांनी एकदा सगळ्या बाकांवरून नजर फिरवली, अगदी शेवटच्या बाकापर्यंत, वर्गात फिरवायच्या तशी.

मग त्यांनी उजवा हात उचलला, स्वतःच्याच डाव्या खांद्यावर ठेवला आणि वचनाला सुरुवात केली. पहिला शब्द मला स्पष्ट ऐकू आला.

मी पुढच्या शब्दाची वाट बघत दाराबाहेर उभी राहिले.

दुसरा शब्द त्या म्हणाल्या नाहीत.